बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ

हुतूतू कोणी शोधून काढला? आट्यापाट्यांची पहिली पाटी कोणी आखली? या प्रश्नांची उत्तरे कोणालाच देता यायची नाहीत. बहुतेक खेळ लोकांच्या अंगणात आपोआप जन्माला येतात, पिढ्यान्‌पिढ्या खेळले जाता जाता त्यांचे नियम घडत जातात आणि ते प्रथम खेळणाऱ्यांची नावे काळाच्या उदरात गडप होतात. बास्केटबॉल हा मात्र या बाबतीत अपवाद होय. तो कोणत्या गावी, कोणत्या दिवशी जन्मला हे तर ठाऊक आहेच. परंतु तो कोणत्या अडचणीतून आणि कोणत्या विचारातून जन्मला, हेही त्याच्या जनकाने तपशीलवार सांगून ठेवले आहे. त्या जनकाचे नाव जेम्स नेस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतात, अल्माँट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे; माणसे कष्टाळू आणि धर्मनिष्ठ. वडील जॉन यांनी पुढे ओटावा नदीतील एका बेटावर लाकूड कापण्याच्या गिरणीत काम धरले. तेथे १८७० साली विषमज्वराने घाला घातला आणि काही दिवसांच्या अंतराने प्रथम वडील व मागोमाग आई मृत्यू पावली. जेम्स त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांचा होता. थोरली बहीण ॲनी आणि धाकटा भाऊ रॉबर्ट यांच्यासह तो आजोळी आला. आजीने या पोरक्या लेकरांना जवळ केले. पुढे तीही गेली. तेव्हा पीटरमामाने त्यांचा सांभाळ केला.

पीटरमामा अविवाहित होता. शेतीवाडी, गुरेढोरे आणि घोडे हाच त्याचा संसार. मुलांवर त्याची माया होती, पण ती शब्दांत दिसत नसे. त्याची एक गोष्ट सांगतात. एकदा कडाक्याच्या हिवाळ्यात जेम्स घोड्यांची जोडी घेऊन गोठलेल्या नदीवरून चालला होता. मध्येच बर्फ फुटला आणि घोडे पाण्यात गेले. पोराने लगाम ओढून, आरडाओरडा करून, स्वतः भिजून मोठ्या मुश्किलीने जनावरांना काठावर आणले. वर येऊन पाहतो तो झाडाआड मामा उभा! सारा प्रकार त्याने डोळ्यांनी पाहिला होता; परंतु मुलगा आपल्या बळावर निभावतो की नाही, हे पाहण्यासाठी तो मुद्दाम पुढे झाला नव्हता. मामाचे हे वागणे कठोर म्हणता येईल. तथापि अडचणीत सापडल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच वाट शोधायची, ही सवय जेम्सच्या अंगी बाणली ती याच घरात.

त्या खेड्यात एका लोहाराचे दुकान होते. दुकानाच्या मागे एक मोठा धोंडा होता. शाळा सुटली की मुले तेथे जमत आणि दगडावरचे बदक नावाचा खेळ खेळत. धोंड्याच्या माथ्यावर एक लहान दगड ठेवायचा. हे झाले बदक. एका मुलाने त्याची राखण करायची आणि बाकीच्यांनी लांब रेघेवर उभे राहून आपापल्या दगडाने ते बदक उडवायचे. नेम चुकला, तर राखणदाराने शिवण्यापूर्वी आपला दगड उचलून परत रेघ गाठायची. आपल्याकडील लगोरीच्या नात्यातलाच हा खेळ म्हणावयाचा. यात धटिंगण मुले दगड जोराने भिरकावीत. नेम लागला तर ठीक. परंतु चुकला तर दगड दूरवर जाऊन पडे आणि तो आणीपर्यंत राखणदार त्यांना गाठी. चतुर मुले दगड अलगद वर उडवीत. तो कमानीसारखा वळण घेत बदकावर उतरे आणि चुकलाच तरी धोंड्याजवळच पडे. येथे बळापेक्षा बेताने टाकलेला दगड अधिक कामाचा ठरे. जेम्सने ही गोष्ट पाहून ठेवली. तिचा उपयोग पुढे वीस वर्षांनी व्हावयाचा होता.

शाळेच्या अभ्यासात मात्र जेम्सचे मन रमले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली आणि जंगलातील लाकूडतोड्यांच्या तळावर तो काम करू लागला. ओंडके तोडण्याच्या कामाने अंग पिळदार झाले. पण असेच दिवस काढले तर आपल्या हातून काही विशेष घडणार नाही, हे त्याच्या ध्यानात येऊ लागले. काही वर्षांनी तो शाळेत परत आला. वयाने लहान असलेल्या मुलांच्या शेजारी बाकावर बसून त्याने राहिलेला अभ्यास नेटाने पुरा केला आणि १८८३ साली मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात प्रवेश मिळविला.

धर्मोपदेशक व्हावयाचे, असे त्याने ठरविले होते. घरच्या माणसांचीही तीच इच्छा होती. विद्यापीठात तो रात्री उशिरापर्यंत पुस्तकांत डोके खुपसून बसे. आपल्या मित्राचे शरीर अशाने खराब होईल असे वाटून काही सोबत्यांनी त्याला व्यायामशाळेत जाण्याचा आग्रह केला. तो गेला आणि तेथलाच झाला. कसरत, रग्बीच्या जातीचा फुटबॉल, लॅक्रॉस या सर्वांत तो नाव कमावू लागला. पदवी घेतल्यानंतर त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण सुरू केले, तरी खेळ सुटला नाही. त्या काळी धर्मोपदेशकाने चिखलात लोळणारा फुटबॉल खेळावा, ही गोष्ट सभ्य लोकांना मुळीच रुचत नसे. एकदा तर आदल्या दिवशीच्या सामन्यात डोळे काळेनिळे झालेल्या अवस्थेत हा तरुण प्रवचनासाठी उभा राहिला!

याच सुमारास एक लहानशी घटना घडली. सामना रंगात आला असताना नेस्मिथ यांच्या शेजारच्या गड्याच्या तोंडून रागाच्या भरात अपशब्द निघून गेला. लगेच तो ओशाळला आणि नेस्मिथ जवळ आहेत हे आपण विसरलो, असे म्हणून त्याने क्षमा मागितली. नेस्मिथ यांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. मग तो ओशाळला का? विचार करता त्यांना असे वाटू लागले की, व्यासपीठावरून बोलून माणसांवर जो परिणाम होत नाही, तो त्यांच्याबरोबर मैदानावर राहिल्याने होऊ शकतो. १८९० साली धर्मशास्त्राचा अभ्यास पूर्ण झाला. पण त्यांनी चर्चचा मार्ग धरला नाही. व्यायामशिक्षक होण्यासाठी ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे गेले. बहीण ॲनीला हा निर्णय फार लागला. भावाने देवाचे काम सोडून खेळाचे काम पत्करले, ही खंत तिच्या मनातून गेली नाही.

स्प्रिंगफील्डला यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेचे प्रशिक्षण विद्यालय होते. तरुणांसाठी वसतिगृहे, वाचनालये आणि व्यायामशाळा चालविणाऱ्या या संस्थेचे कार्यकर्ते तेथे तयार होत. व्यायाम विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक हे वयाने नेस्मिथ यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, परंतु बुद्धीने अतिशय तल्लख होते. नव्या म्हणून ज्या वस्तू जगात येतात, त्या जुन्याच घटकांची निराळी जुळणी असते, असे त्यांनी एकदा वर्गात प्रतिपादन केले. तसे असेल तर जुन्या खेळांतील घटक घेऊन नवा खेळही रचता येईल, असे नेस्मिथ तेथल्या तेथे बोलून गेले. हे बोलणे त्यांना लवकरच निस्तरावे लागले.

१८९१ सालचा हिवाळा आला. त्या प्रदेशात हिवाळ्याचे चार महिने मैदाने बर्फाखाली असतात. फुटबॉलचे दिवस शरद ऋतूत संपत आणि बेसबॉलचे दिवस वसंतात सुरू होत. मधल्या काळात विद्यार्थ्यांना बंद व्यायामशाळेत तालबद्ध कवायत करावी लागे; डंबेल उचलावे लागत, लाकडी मुद्गल फिरवावे लागत. विद्यालयात अठरा जणांचा एक वर्ग होता. हे काही कोवळे विद्यार्थी नव्हते. पुढे संस्थेच्या शाखांचे चिटणीस व्हावयाची असलेली ही जाणती माणसे होती. त्याच त्या कवायतीला ती पार कंटाळली होती. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा ग्यूलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत दिव्यांच्या उजेडात, चार भिंतींच्या आत खेळता येईल असा एखादा खेळ शोधून काढावयास सांगितले.

नेस्मिथ यांचे मत असे होते की, दोष विद्यार्थ्यांचा नाही, पद्धतीचा आहे. ते मत आता सिद्ध करून दाखविण्याची वेळ आली. प्रथम त्यांनी लहान मुलांचे खेळ घेऊन पाहिले; मोठ्या माणसांना त्यांत दहा मिनिटांपलीकडे गोडी वाटेना. मग मैदानी खेळ आत आणले. रग्बीत एकमेकांना पाडावे लागते, आणि येथे खाली गवत नसून लाकडी फळ्या होत्या. पायाने खेळायचा फुटबॉल घेतला, तर खिडक्यांची तावदाने धोक्यात आली आणि गडी लंगडू लागले. लॅक्रॉसमध्ये हातातल्या काठ्यांनी तोंडे सुजली. एकामागून एक दिवस गेले. चौदावा दिवस जवळ आला, तरी हाती काहीच नव्हते. वर्गापुढे आणि ग्यूलिक यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे, हा प्रश्न नेस्मिथ यांना पडला.

अखेरीस त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. कोणताही एक खेळ घेऊन त्यात काटछाट करण्याचे सोडून दिले आणि सर्व खेळांचा एकत्र विचार सुरू केला. बहुतेक सांघिक खेळांत चेंडू असतो. लहान चेंडूला बॅट किंवा काठी लागते. ती टाळायची तर चेंडू मोठा हवा आणि तो हाताने खेळला पाहिजे. येथपर्यंत ठीक. मग खेळात दांडगाई कोठून येते? गडी चेंडू घेऊन धावतो, म्हणून त्याला अडवावे लागते. अडवायचे तर पाडावे लागते. गड्याला चेंडू घेऊन धावूच दिले नाही तर? मग त्याला पाडण्याचे कारणच उरत नाही! ज्याच्या हाती चेंडू आला, त्याने जागच्या जागी थांबून तो आपल्या सोबत्याकडे टाकावा. खेळाचा पाया या एका विचाराने पडला. खेळाडूंना सभ्यपणे वागा असे बजावीत बसण्यापेक्षा दांडगाईची गरजच नाहीशी करणे, ही नेस्मिथ यांच्या शोधातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

आता उरला गोल. उभ्या खांबांचा गोल ठेवला, तर जो तो चेंडू जोराने मारणार. पुन्हा बळाचाच खेळ. तेव्हा त्यांना लोहाराच्या दुकानामागचा धोंडा आठवला. तेथे अलगद उडविलेला दगडच उपयोगी पडत असे. गोलाचे तोंड आकाशाकडे असले, तर चेंडूला वर चढून खाली उतरावेच लागेल. मग जोर कितीही असला तरी काय कामाचा? परंतु असा गोल जमिनीवर ठेवला, तर बचाव करणारे त्याला गराडा घालून उभे राहतील. म्हणून तो त्यांच्या डोक्यांच्या वर पाहिजे. राहता राहिला आरंभ. दोन्ही बाजूंचा एकेक गडी समोरासमोर उभा करून मध्ये चेंडू वर उडविला, की कोणावरही अन्याय नाही.

२१ डिसेंबर १८९१ रोजी सकाळी नेस्मिथ फुटबॉलचा चेंडू काखेत मारून विद्यालयात आले. वाटेत भेटलेल्या रखवालदाराकडे त्यांनी दीडदीड फूट लांबीरुंदीची दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण कोठीत पीच नावाच्या फळांच्या दोन जुन्या टोपल्या पडल्या होत्या, त्या त्याने आणून दिल्या. व्यायामशाळेच्या दोन्ही टोकांना सज्जा होता. त्याच्या कठड्याच्या खालच्या पट्टीला नेस्मिथ यांनी एकेक टोपली खिळ्यांनी ठोकली. ती पट्टी जमिनीपासून दहा फूट उंचीवर होती. आज जगभर बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. ही उंची कोणी गणित करून काढलेली नाही. स्प्रिंगफील्डच्या सुताराने सज्जाची पट्टी जेथे बसविली, तेथे ती ठरली.

मग त्यांनी घाईघाईने तेरा नियम लिहून काढले. कार्यालयातील लेखनिक बाईंनी ते यंत्रावर टंकून दिले आणि ते दोन कागद फळ्यावर लावले गेले. चेंडू घेऊन धावू नये. चेंडूवर मूठ मारू नये. प्रतिस्पर्ध्याला धरू, ढकलू, पाडू किंवा मारू नये. हा अपराध दुसऱ्यांदा करणारा पुढचा गोल होईपर्यंत खेळाबाहेर. आणि इजा करण्याच्या हेतूने केला, तर सबंध खेळातून बाहेर, त्याच्या जागी बदली गडीही नाही. पंच दोन असावेत, एकाने माणसांवर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने चेंडूवर. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. वर्गातील तक्रारखोरांचा म्होरक्या फ्रँक माहान याने फळ्याकडे पाहिले आणि आणखी एक नवा खेळ आला म्हणून नाक मुरडले.

नऊ नऊ गड्यांचे दोन संघ पडले. त्यांत जपानहून शिकावयास आलेला इशिकावा नावाचा विद्यार्थीही होता. चेंडू उडाला. आरंभी गोंधळच गोंधळ! कोण कोणाकडे चेंडू टाकतो याचा पत्ता नव्हता आणि फाउल करणारे एकामागून एक बाहेर बसत होते. त्या दिवशीच्या खेळात चेंडू एकदाच टोपलीत गेला. विल्यम चेस नावाच्या गड्याने तो सुमारे पंचवीस फुटांवरून टाकला होता. परंतु वेळ संपली तरी कोणी मैदान सोडावयास तयार होईना. कंटाळलेला वर्ग कंटाळा विसरला होता. थोड्याच दिवसांत व्यायामशाळेच्या सज्जात प्रेक्षकांची दाटी होऊ लागली. नाताळच्या सुट्टीपूर्वी फळ्यावरचे नियमांचे कागद नाहीसे झाले. सुट्टीनंतर माहाननेच ते परत आणून दिले. हा खेळ नावारूपाला येईल आणि मग या कागदांना मोल येईल, असे वाटून त्याने ते आठवण म्हणून काढून घेतले होते. खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे, अशी सूचनाही त्यानेच केली. नेस्मिथ हसले, असे नाव दिले तर कोणताही खेळ मरेल, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा टोपली आणि चेंडू यांवरून बास्केटबॉल हे साधे नाव माहानने सुचविले आणि तेच कायम झाले.

जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात नियम छापून आले आणि संस्थेच्या शाखाशाखांतून खेळ पसरू लागला. ११ मार्च १८९२ रोजी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा जाहीर सामना झाला; विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. लवकरच स्त्रियाही खेळू लागल्या. त्या काळी स्त्रियांनी धावपळीचे खेळ खेळणे समाजाला मान्य नव्हते. म्हणून जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने नियमांना थोडी मुरड घालून तो मुलींना शिकविला. स्प्रिंगफील्डमध्ये प्रथम खेळलेल्या तरुणींत मॉड शर्मन ही होती. १८९४ साली तिचा नेस्मिथ यांच्याशी विवाह झाला.

खेळाचे रूप हळूहळू पालटत गेले. आरंभी टोपलीला बूड असल्यामुळे प्रत्येक गोलनंतर कोणीतरी शिडीवर चढून चेंडू काढीत असे! पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडे आणि जाळी आली, आणि बऱ्याच वर्षांनी ती जाळी खालून मोकळी झाली. सज्जातले उत्साही प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत, म्हणून कड्यामागे फळा बसविण्यात आला; त्या फळ्यावर चेंडू आपटून गोल करणे हे पुढे एक कौशल्यच झाले. गड्यांची संख्या १८९७ च्या सुमारास पाचावर स्थिर झाली. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेण्याची क्रिया मूळ नियमांत कोठेच नव्हती. अडचणीत सापडलेल्या गड्यांनी ती शोधली. चेंडू हातातून सोडून पुन्हा आपणच घेतला तर तो घेऊन धावणे होत नाही, अशी ही युक्ती. नेस्मिथ यांना ती मनापासून आवडली. आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानावर पाच पाच गडी दहा दहा मिनिटांचे चार डाव खेळतात. साध्या गोलचे दोन गुण, लांबच्या कमानीबाहेरून केलेल्या गोलचे तीन आणि फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीचा एक गुण असतो. पाच फाउल करणाऱ्याला बाहेर जावे लागते. परंतु चेंडू न आपटता धावायचे नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला झोंबायचे नाही, हा १८९१ चा पाया तसाच आहे.

नेस्मिथ मात्र खेळाच्या मागे लागून राहिले नाहीत. त्यांनी त्याचा हक्क नोंदविला नाही, त्यापासून पैसाही मिळविला नाही. १८९५ साली ते डेन्व्हर शहरी गेले. तेथे दिवसा व्यायामशिक्षकाचे काम करीत त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला आणि १८९८ साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात व्यायाम आणि प्रार्थनामंदिर या दोहोंची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच, लॉरेन्स गावी, घालविले.

तेथल्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले मार्गदर्शक. १९०७ पर्यंत त्यांच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांत जयांपेक्षा पराजय अधिक असलेले एकमेव नाव हे खेळाच्या जनकाचे आहे! याचे त्यांना फारसे वाईट वाटल्याचे दिसत नाही. हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा आहे, असे ते मानीत. सामना कोण जिंकतो यापेक्षा विद्यार्थ्याच्या छातीचे माप, त्याचे हृदय आणि त्याची वागणूक यांकडे त्यांचे लक्ष अधिक असे. त्यांचाच शिष्य फॉरेस्ट ॲलन याचे मत निराळे होते. त्याने मार्गदर्शन हाच पेशा पत्करला आणि त्याच विद्यापीठाला कित्येक विजय मिळवून दिले. गुरुशिष्यांचा हा मतभेद अखेरपर्यंत राहिला. स्नेह मात्र तुटला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ ते १९१९, नेस्मिथ फ्रान्समध्ये सैनिकांत काम करीत होते. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९३३ साली जॉन मॅक्‌लेंडन हा काळ्या वर्णाचा तरुण विद्यापीठात आला. बास्केटबॉलचा मार्गदर्शक होण्याची त्याची जिद्द होती. पण काळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या संघात स्थान नव्हते, पोहण्याच्या तलावातही प्रवेश नव्हता. खेळाचा जनक याच विद्यापीठात शिकवितो हे कळल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला सरळ नेस्मिथ यांच्याकडे पाठविले होते. सत्तरी ओलांडलेल्या गुरूने त्याला आपला विद्यार्थी मानले, त्याच्या वाटेतील अडथळे दूर करण्यासाठी शब्द टाकला आणि आपल्याजवळचे सर्व त्याला शिकविले. ज्याला विद्यापीठाच्या संघातून एकही सामना खेळू दिला नाही, तो मॅक्‌लेंडन पुढे अमेरिकेतील नामवंत मार्गदर्शकांपैकी एक झाला.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच पदकांच्या खेळाचा मान मिळाला. हा सोहळा नेस्मिथ यांनी पाहावा असे सर्वांना वाटत होते. परंतु बेताच्या पगारावर संसार केलेल्या या शिक्षकाजवळ प्रवासापुरता पैसा नव्हता. तेव्हा अमेरिकेतील मार्गदर्शकांच्या संघटनेने ठिकठिकाणच्या सामन्यांच्या तिकिटांतून थोडी थोडी रक्कम बाजूला काढून निधी जमविला. पत्नी आजारी असल्याने ते एकटेच गेले. वीसहून अधिक देशांचे संघ तेथे आले होते. त्यांत जपान, चीन आणि फिलिपाइन्स हे आशियातील देशही होते. अंतिम सामना १४ ऑगस्टला उघड्या मातीच्या मैदानावर झाला. पाऊस असा कोसळत होता की, मैदानाचा चिखल झाला आणि चेंडू टप्पाच घेईना. याच पावसामुळे भारत आणि जर्मनी यांच्यातील हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे ढकलावा लागला. ध्यानचंदांच्या संघाने तो १५ ऑगस्टला ८–१ असा जिंकला. इकडे बास्केटबॉलमध्ये एका बाजूला नेस्मिथ यांची जन्मभूमी कॅनडा, तर दुसऱ्या बाजूला त्यांची कर्मभूमी अमेरिका. अमेरिकेने १९–८ असा विजय मिळविला. पंचाहत्तरीला आलेल्या वृद्ध नेस्मिथ यांच्या हस्ते विजेत्यांना पदके देण्यात आली.

पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी मॉड वारली. १९३९ साली त्यांनी फ्लॉरेन्स किंकेड यांच्याशी दुसरा विवाह केला. पण हा सहवास काही महिन्यांचाच ठरला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. खेळाच्या जन्माची हकिकत सांगणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९४१ साली, प्रसिद्ध झाले.

भारतात हा खेळ फार लवकर आला. स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या खेळातील एका संघाचा नायक डंकन पॅटन १८९४ साली संस्थेच्या कामासाठी इकडे आला आणि त्याने येथे बास्केटबॉलची ओळख करून दिली. १९२० साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. तेही स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी होते. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीतील मैदानांवर हा खेळ असा रुजला की, तेथून राष्ट्रीय संघात खेळणारे गडी निघाले. १९८० साली मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुषांचा संघ खेळला.

स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचे जे स्मारक व संग्रहालय आहे, त्याला नेस्मिथ यांचेच नाव देण्यात आले आहे. आपले नाव खेळाला नको म्हणणाऱ्या माणसाला हा मान मरणोत्तर मिळाला. माहानने पळविलेले आणि मग परत आणून दिलेले नियमांचे ते दोन टंकलिखित कागद कित्येक वर्षे नेस्मिथ यांच्या घराण्यात होते. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा लिलाव झाला आणि कॅन्सस विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते त्रेचाळीस लक्ष डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतले. आता ते लॉरेन्स येथे, विद्यापीठाच्या आवारात काचेआड ठेवलेले आहेत.